मुलांच्या हातचं चॉकलेट बार्क, आपले बेदाणे घालून

चिक्की करताना मी मुलांना ओट्याजवळ येऊ देत नाही. कडक पाकाचं तापमान 150 अंशांच्या जवळ जातं आणि त्याचा एक थेंब हाताला चिकटला की कातडी घेऊनच निघतो. चॉकलेटचं तसं नाही. ते 45 अंशांपर्यंत पूर्ण वितळतं, म्हणजे भांडं हाताला जेमतेम गरम लागतं. म्हणून मेच्या सुट्टीत भाचरं सांगलीत, विश्रामबागेत माझ्याकडे आली की आम्ही चॉकलेट बार्क करतो. त्यात चिरायचं आणि पाणी उकळायचं काम माझं, बाकी सगळं त्यांचं. वितळलेलं चॉकलेट ताटात पातळ पसरायचं, वर सुकामेवा टाकायचा आणि गोठलं की हातानं मोडायचं, एवढीच कृती आहे.

साहित्य असं: डार्क कंपाउंड चॉकलेटची 400 ग्रॅमची लादी, दीड वाटी चिरमुरे, पाऊण वाटी बेदाणे, अर्धी वाटी भाजलेले सोललेले शेंगदाणे, चार चमचे रंगीत बडीशेप आणि चिमूटभर जाडं मीठ. केकचं सामान मिळतं त्या दुकानात लादी मिळते. बाकीचं गणपती पेठेत एका फेरीत होतं.

कंपाउंडच का, असं माझी बहीण दरवेळी विचारते. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते साधारण 34 अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात सांगलीची दुपार त्याच्या पुढे असते. शिवाय ते नुसतं वितळवून गोठवलं तर नीट आळत नाही, वर पांढुरके डाग येतात. ते टाळायला तापमान मोजत टेम्परिंग करावं लागतं, म्हणजे चॉकलेट वितळवून, गार करून पुन्हा किंचित गरम करायचं. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं घट्ट केलेलं फॅट असतं, त्यामुळे हा खटाटोप नाही. चवीला खरं चॉकलेट उजवं, हे मला मान्य आहे. ते थंडीत, मोठ्या मुलांना हाताशी घेऊन करावं.

बेदाणे मात्र निवडून घ्या. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या शेडमधून आलेला माल आपल्या बाजारात हिरवा, पिवळा, काळा असा सगळा मिळतो. डार्क चॉकलेटला मी लांबट हिरवा बेदाणा घेते, कारण त्याला किंचित आंबटपणा असतो आणि चॉकलेटचा कडवटपणा त्यानं खुलतो. बियांचा काळा मनुका नको, लहान मुलं तोंड वाकडं करतात. आता महत्त्वाचं: बेदाणे धुऊन लगेच वापरू नका. कोरड्या फडक्यात घेऊन चोळा, मग मुलांना देठ काढायला बसवा. सगळ्यात धाकटीसुद्धा हे काम मन लावून करते. नंतर कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परता आणि पूर्ण गार होऊ द्या. चिरमुरेही असेच परतून कुरकुरीत करा.

कोरडेपणावर माझा एवढा भर आहे त्याला कारण आहे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला की त्यातले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळं रवाळ, घट्ट होऊन बसतं. म्हणून भांडी, चमचे आणि मुलांचे हात धुतल्यावर अगदी कोरडे पुसून घ्या. तरीही बिघडलं तर टाकू नका. गरम दूध घालून ढवळत राहा, छान सॉस होतो; तो आइस्क्रीमवर घाला.

लादी सुरीनं बारीक चिरा. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा आणि गॅस बंद करा. मग त्यावर पातेल्यापेक्षा रुंद तोंडाचं भांडं ठेवा, म्हणजे वाफ आत येणार नाही. भांड्याचा तळ पाण्याला टेकू नये. त्यात चॉकलेट घाला आणि दोन मिनिटं हात लावू नका. आता पातेल्याला हात लावायचा नाही एवढं बजावून मुलांना आळीपाळीनं ढवळू द्या. पाच-सात मिनिटांत तकतकीत होतं. भांडं उचलताना त्याचा बाहेरचा तळ पुसायला विसरू नका, कारण ओतताना तिथलंच पाणी ताटात पडतं.

चिरमुरे चॉकलेटमध्येच मिसळा, वर भुरभुरू नका. सगळीकडून चॉकलेट लागलं की ते कुरकुरीत राहतात, उघडे राहिले की मऊ पडतात. आमच्याकडे चिरमुऱ्याशिवाय बार्क होतच नाही. भडंगाच्या गावात ते व्हावं तरी कसं!

साधारण 10 बाय 12 इंचांच्या ट्रेला किंवा मोठ्या ताटाला बटर पेपर लावून मिश्रण ओता आणि उलथन्यानं पसरा. फार पातळ केलं तर हातात घेताच वितळतं, फार जाड केलं तर मुलांच्या दातांना जड जातं. चिरमुरे एकाच थरात बसतील इतपत पुरे.

सजवताना भांडणं होणारच. त्यावर माझा उपाय म्हणजे ओल्या चॉकलेटवर टूथपिकनं रेघा ओढून प्रत्येकाला स्वतःचा पट्टा देणं. आपल्या पट्ट्यात कोण काय टाकतंय यात मी तोंड घालत नाही. मोठा भाचा शेंगदाणे रांगेत लावतो, धाकटीचा पट्टा नुसत्या बडीशेपेनं भरलेला असतो. फक्त हात चालवा म्हणून घाई करावी लागते, कारण चॉकलेट आळायला लागलं की वरचं काही चिकटत नाही. टाकलेलं सगळं तळहातानं हलकेच दाबायला सांगा, मीठ शेवटी. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर अख्खे दाणे घशात अडकण्याची भीती असते. त्याच्या पट्ट्यावर दाण्याचं कूट घाला आणि बेदाणे चिरून टाका.

उन्हाळ्यात ट्रे फ्रिजमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, फ्रीजरमध्ये नको. थंडीत ओट्यावरच तासाभरात गोठतं. कागद सोलून काढा आणि मोडायचं काम मुलांवर सोपवा. त्याआधी हात गार पाण्यानं धुऊन कोरडे करायला लावा, म्हणजे बोटांचे ठसे उठत नाहीत. तुकडे वेडेवाकडे झाले तरी सुरीनं सारखे करत बसू नका. मोडतानाचा तो कट्ट आवाज ऐकायलाच तर सगळे जमलेले असतात.

तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर उत्तम राहतात. खायला काढताना डबा दहा-पंधरा मिनिटं बंदच राहू द्या, नाहीतर गार तुकड्यांवर बाहेरच्या हवेतलं पाणी जमून ते चिकट होतात. तळाशी उरलेला चुरा गरम दुधात घालून मुलांना प्यायला द्या.