कॉस्टकोचं कार्ड काढताय? या चुका टाळा

परवा फ्रीजच्या खालच्या खणातून पालकाचा डबा काढला. एक पौंडाचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा. वरची पानं ताजीतवानी दिसत होती, म्हणून हात घातला तर तळाशी हिरवा चिकचिकाट. घरात खाणारी तोंडं दोन. आणि हा डबा मी ‘स्वस्त पडतो’ म्हणून आणला होता. एडिसनमध्ये राहून बारा वर्षं झाली, कार्डही जवळपास तेवढंच जुनं आहे, तरी हे होतं. न्यू जर्सीत नव्यानं आलेल्यांनी निदान पहिल्याच वर्षी सगळे धक्के खाऊ नयेत, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉस्टको, वॉलमार्टचं सॅम्स क्लब आणि पूर्व किनाऱ्यावर जास्त दिसणारं बीजेज ही गोदामासारखी दुकानं. इथे खरेदी करायची तर आधी वर्षाची फी भरायची. मालावर नफा थोडा ठेवायचा आणि फीवर कमवायचं, असा हा धंदा. कॉस्टकोत एका वेळी साधारण चार हजारच वस्तू असतात, नेहमीच्या सुपरमार्केटात तीस हजारांच्या घरात. म्हणजे निवड कमी, आणि आकार बहुधा एकच: मोठा.

काउंटरवरची घाई

कॉस्टकोचं साधं सभासदत्व वर्षाला 65 डॉलर, एक्झिक्युटिव्ह 130. हे दर सप्टेंबर 2024 पासूनचे. एक्झिक्युटिव्हवर खरेदीचे 2 टक्के परत मिळतात, हे ऐकून आपण लगेच मान डोलावतो. पण वरचे 65 डॉलर नुसते भरून यायलाच वर्षाला 3,250 डॉलरची खरेदी लागते, महिन्याला 270 च्या वर. त्यात गाडीत भरलेला गॅस (म्हणजे पेट्रोल) धरत नाहीत, फूड कोर्टातलं खाणंही नाही. दोघांचं घर, त्यात निम्मा किराणा ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून येणार, तर हा आकडा गाठताना दमछाक होते. आधी साधं कार्ड घ्या, चार महिन्यांच्या पावत्या जपा आणि मग ठरवा. मोठं कार्ड काढून बसला असाल तरी बिघडलं नाही. मेंबरशिप काउंटरवर जाऊन साधं करून मागा. मुळात सभासदत्वच नको वाटलं तर कॉस्टको फी परत देतं.

नवरा-बायकोनं दोन वेगळी सभासदत्वं काढलेलीही मी पाहिली आहेत. एका पत्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला कार्ड फुकट मिळतं हो.

पैसे देताना अडकणारेही बरेच. अमेरिकेतल्या कॉस्टकोत क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा चालतं. खिशात एकटं मास्टरकार्ड असेल तर भरलेली गाडी ढकलत बाजूला व्हावं लागतं. पिन लागणारं डेबिट कार्ड किंवा रोख चालते.

साठवणीचा अभिमान

खरी गोची इथे आहे. आपल्याकडे वर्षाचं धान्य भरायची पद्धत. उन्हाळ्यात गहू उन्हात घालून कोठीत जायचा, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून डबे भरले जायचे. अशा घरात वाढलेल्याला बासमतीचं 20 पौंडांचं पोतं म्हणजे किरकोळ, जेमतेम नऊ किलो. साठवण आपल्या रक्तात आहे अशा समजुतीत आपण गाडी भरत सुटतो. पण आईच्या कोठीत पालकाचा डबा नव्हता, अ‍ॅव्होकाडोची जाळी नव्हती, तीन पौंड अक्रोडही नव्हते.

अक्रोडाचंच घ्या. त्यात तेल भरपूर, उघड्यावर ठेवले की काही आठवड्यांत खवट. आमच्याकडे एकदा अख्खी पिशवी कपाटात राहिली आणि दिवाळीच्या बर्फीत तो वास उतरला. तेव्हापासून पिशवी फोडली की अर्ध्या-अर्ध्या पौंडाच्या झिपलॉक करून फ्रीझरमध्ये. बदाम-काजूही तसेच. पालक आणलाच तर त्याच संध्याकाळी निम्मा उकळत्या पाण्यातून काढायचा, वाटायचा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा. चार वड्या टाकल्या की पालकाची डाळ होते. कणकेची मोठी पिशवी उन्हाळ्यात आणली तर आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, किडे होत नाहीत. ब्रेडचा दुसरा पुडाही तिथेच. दुधाच्या दोन कॅनच्या जोडीला मात्र इलाज नाही, साडेसात लिटर होतात. घरात मुलं नसतील तर दह्याचं गाडगं सतत लागलेलं हवं. मसाल्यांच्या मोठ्या बरण्यांच्या नादी लागूच नका. वर्षभर पुरते, पण पहिल्या चार महिन्यांनंतर मिरपूड नुसती काळी असते.

हिशोब साधा आहे. समजा पालक पौंडाला साडेचार डॉलर आणि निम्मा फेकला, तर खाल्लेला पालक नऊ डॉलर पौंडानं पडला. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानातली जुडी परवडली.

‘इथे आहे म्हणजे स्वस्तच’

नसतं. किमतीच्या पाटीवर बारीक अक्षरात औंसाचा किंवा पौंडाचा दर असतो, तो वाचा. एकीकडे औंसावर, दुसरीकडे पौंडावर असेल तर 16 नं गुणा. तूरडाळ, पोहे, कोथिंबीर, मिरच्या आमच्याकडे देशी दुकानातच कमी दरात मिळतात. सोडा आणि न्याहारीचं सिरीयल सुपरमार्केटात सेल लागला की अनेकदा तिथेच बरं पडतं. कंपन्यांची कूपनं कॉस्टको घेत नाही, बीजेज घेतं. कूपनं जमवायची आवड असेल तर हा फरक मोठा आहे.

दीड डॉलरचा हॉट डॉग-सोडा 1985 पासून त्याच किमतीत आहे, भाजलेली कोंबडी 4.99 ला. पण ती कोंबडी दुकानाच्या पार मागच्या टोकाला असते, आणि तिथवर जाता-येता गाडीत काय काय पडतं ते पावतीवर बघा. पाच डॉलरच्या कोंबडीपायी आमचं बिल 180 झालेलं आहे. आता यादी करून जातो, पोटभर जेवून जातो.

मग घ्यायचं काय? सुकामेवा (वरचा फ्रीझरचा नियम पाळून), ऑलिव्ह ऑइल, कपड्यांचा साबण, डायपर, गाडीचे टायर. किर्कलंड हा त्यांचा घरचा ब्रँड बहुतेक गोष्टींत डोळे मिटून घेण्यासारखा. औषधांच्या काउंटरला तर सभासदत्वही लागत नाही. टीव्ही-लॅपटॉप घेतलात तर एक लक्षात ठेवा: बाकी माल परत करायला फार मुदतीचं बंधन नाही, पण यांना 90 दिवसच. खोका तोवर फेकू नका.

गॅससाठी वाट वाकडी करायची का? 12 गॅलनच्या टाकीत गॅलनमागे 25 सेंट वाचले तर तीन डॉलर. न्यू जर्सीत गॅस आपण भरायचा नसतो, त्यामुळे गाडीत बसून फोन बघता येतो एवढंच सुख. येता-जाता असेल तर जरूर भरा, त्यासाठी रांगेत अर्धा तास घालवू नका.

वाटणी

कार्ड मित्राला देऊ नका. त्यावर फोटो असतो आणि आता दारातच स्कॅन करतात. पण सभासदाला दोन पाहुणे सोबत नेता येतात, पैसे मात्र सभासदानंच द्यायचे. आम्ही खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाबरोबर जातो. वाटणी आधी पार्किंगमध्ये, डिकी उघडी ठेवून व्हायची आणि ‘तू जास्त घे, नाही तूच घे’ यात आईस्क्रीम वितळायचं. आता घरी येऊन ओट्यावर काटा ठेवतो. त्यांच्याकडच्या वहिनी पालकाचा डबा उघडतात, बरोबर आठ औंस मोजून आमच्या पातेल्यात टाकतात आणि पावतीवर त्या ओळीपुढे पेनानं ‘अर्धे’ लिहितात.