हापूसचे कोय कलम घरी कसे बांधावे

हापूस हे नाव पोर्तुगीज ‘अफोन्सो’वरून आले. कलमाची जुनी रीत म्हणजे भेट कलम. त्यासाठी कुंडीतले रोप मांडवावर चढवून मूळ झाडाच्या फांदीला बांधावे लागे आणि सांधा जुळेपर्यंत दोन-तीन महिने पाणी घालत राहावे लागे. पुढे कोय कलमाने, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर काडी बांधण्याच्या रीतीने, ही यातायात संपवली आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) या पद्धतीचा कोकणभर प्रसार केला.

रायवळ (गावठी) आंब्याच्या ताज्या कोयी जूनमध्ये गादीवाफ्यात रुजत घालाव्यात, कारण महिनाभर पडून राहिलेली कोय सहसा रुजत नाही. पंधरा दिवसांचे, तांबूस पानांचे, कोवळ्या खोडाचे रोप कोयीसकट अलगद उपटावे, कोयीपासून सात-आठ सेंटिमीटरवर छाटावे आणि मधोमध चार सेंटिमीटरचा उभा काप द्यावा. कलमकाडी, म्हणजे हापूसच्या झाडाची काडी, तीन-चार महिन्यांची, खुंटाएवढ्याच (छाटलेल्या रोपाएवढ्याच) जाडीची आणि टोकाचा डोळा फुगलेली, पण न फुटलेली असावी. तिची पाने आठवडाभर आधी देठ राखून कापलेली असली, तर डोळा लवकर फुगतो. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करावी, ती कापात बसवून साल सालीला भिडवावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. बोथट चाकूने साल चेचते, आणि माझ्या मते निम्मी कलमे तिथेच जातात. मग कोय मातीत झाकली जाईल अशा बेताने कलम पिशवीत लावून सावलीत ठेवावे. जुलै-ऑगस्टची दमट हवा सांधा सुकू देत नाही. खुंटावर फुटलेले कोंब मात्र खुडत राहावे.