कौंटीची बॅटिंग, डिसेंबरच्या नाशकात

गंगापूर रोडवरून एक गृहस्थ गेल्या आठवड्यात मुलाला घेऊन नेटवर आले. मुलगा चौदाचा, किटबॅग माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग. म्हणाले, "सर, याला कौंटी खेळायचीय. काय करावं लागेल?" मुलाला विचारलं, ऑफस्टंप कुठे आहे? त्याने मागे वळून पाहिलं. म्हटलं, इथूनच सुरुवात करू.

आधी कडू गोष्ट सांगून टाकतो. इंग्लंड-वेल्समध्ये कौंटी म्हणजे प्रांतवार व्यावसायिक संघ, पहिल्या दर्जाचे १८, आणि त्यांच्या चार दिवसांच्या स्पर्धेत, चॅम्पियनशिपमध्ये, एका संघातून सामन्याला दोनच परदेशी खेळाडू उतरू शकतात. त्या जागा नाव कमावलेल्यांना मिळतात. म्हणजे आपल्या पोराचा रस्ता आधी महाराष्ट्राच्या वयोगटांतून आणि रणजीतून जातो, आणि तिकडून बोलावणं आलं तरी बीसीसीआयचं ना-हरकत पत्र लागतंच. एजंट म्हणवणारा कोणी पैसे मागायला लागला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पण तिथला पोरगा बॅट्समन कसा घडतो, ते नाशकात बसून उचलता येतं. त्याला व्हिसा लागत नाही.

तिथला हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. थंडी, ढग, ओलसर गवत आणि हातात तिथला ड्यूक बनावटीचा बॉल. शिवणीच्या सहाही ओळी हाताने घातलेल्या, वरून चकचकीत लेप. आपला एसजी बनावटीचा बॉलसुद्धा हाताने शिवलेलाच, पण आपल्या कोरड्या मैदानांवर त्याची चमक लवकर जाते आणि मग फिरकी सुरू होते. ड्यूक मात्र बराच वेळ हवेत हलत राहतो. म्हणून तिथे आधी शिकतात ते बॉल सोडायला आणि उशिरा खेळायला. कव्हर ड्राइव्ह नंतर.

हे मला फार उशिरा कळलं. बत्तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट केली आणि सकाळी नेट लावली. पोरांना एकच ओरडायचो, "पाय टाक पुढे, मार!" माझा एक पोरगा एका उन्हाळ्यात तिकडच्या क्लब लीगला गेला. पहिल्या तीन डावांत ४, ० आणि ९, तिन्ही वेळा स्लिपमध्ये झेल. रात्री फोन: "सर, बॉल बॅटजवळ येऊन हलतो हो." चूक त्याची नव्हती. मीच त्याचे हात अंगापासून लांब न्यायला शिकवले होते.

आता आमची सरावाची पद्धत. डिसेंबर-जानेवारीत नाशकात पहाटे दातावर दात वाजतात, गोल्फ क्लबच्या मैदानाच्या गवतावर दव असतं. इंग्लंडच्या एप्रिलच्या सर्वांत जवळ जाणारी ही हवा आहे, आणि लोक नेमकी तेव्हा नेट नऊला लावतात. साडेसहाला या. चार टेनिस बॉल घ्या, प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर इलेक्ट्रिकची टेप घट्ट गुंडाळा. सोळा यार्डांवरून कोणीतरी जोरात टाकायचे. बॉल असा हलतो की मोठी पोरंही हसतात. टेपची बाजू बदलली की दिशा बदलते. दवाने भिजला की स्विंग मरतो, म्हणून चार बॉल आणि एक जुना टॉवेल.

ऑफस्टंपच्या बाहेर वीतभर अंतरावर पाण्याची बाटली ठेवा. तीस बॉल. बाटलीच्या बाहेरचा सोडला, एक गुण. डोळ्याखाली, मऊ हातांनी अडवला, एक गुण. बॅटची कड लागली की पाच वजा. फटक्याला शून्य, कितीही देखणा असला तरी. पहिल्या आठवड्यात बहुतेक पोरं उणे गुणांत जातात आणि आईवडील माझ्याकडे रागाने बघतात. जमत नसेल तर क्रीजच्या बाहेर एक पाऊल उभं राहा, म्हणजे बॉलला हलायला कमी जागा मिळते. फोनवाल्या पोराने हेच केलं. पाचव्या सामन्यात ओल्या मैदानावर ४३ काढल्या. त्या ४३ मला त्याच्या इथल्या शतकांपेक्षा जास्त आवडतात.

तिथे वेळ सगळ्यांनाच लागतो. १९९२ मध्ये सचिन यॉर्कशायर कौंटीचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून गेला. वय १९, १६ सामन्यांत १०७० धावा, शतक फक्त एक. पुजारा २०२२ मध्ये भारतीय संघाबाहेर होता. त्या हंगामात ससेक्स कौंटीकडून ८ सामन्यांत १०९४ धावा केल्या, आणि हंगामाच्या मधेच, जुलैत, बर्मिंगहॅमला पुन्हा भारताची टोपी घातली. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकची सुरुवातीची वर्षं साधारणच गेली, मग २०२२ च्या चॅम्पियनशिपमध्ये सरासरी शंभराच्या वर.

तिथे पोराला आणखी एक गोष्ट मिळते, लागोपाठ डाव. हंगामात कौंटीचे १४ चार दिवसांचे सामने. खाली कौंटीचा दुसरा संघ, सेकंड इलेव्हन, जिथे बघायला दोन म्हातारे आणि एक कुत्रा. शुक्रवारी शून्यावर गेलात तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा पॅड बांधायचे. आपल्याकडे पोरगा दोन डावांत गेला की बाप अकादमी बदलतो. तसं करू नका. मॅटवरचा, टर्फवरचा, सिडकोतल्या शाळेच्या मैदानावरचा, मिळेल तो सामना खेळवा. शंभर पानी वही घ्या. धावा लिहू नका, त्या स्कोअरर लिहितो. पहिल्या वीस चेंडूंत किती सोडले, किती वेळा चुकलात, कोणत्या बॉलवर गेलात, एवढंच. त्याच रात्री, कारण दुसऱ्या दिवशी प्रत्येक आऊट अंपायरची चूक ठरतो.

गंगापूर रोडचा मुलगा सोमवारी आला होता. उणे अकरा. वडील गाडीत हीटर लावून बसले होते, मुलगा मात्र टेप मागून घेऊन गेला.