पावसाळा आला म्हणून घोड्याचा चारा एकदम बदलू नका

मृगाचा पाऊस पडला की गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीकडची माळरानं बघता बघता हिरवी होतात आणि घोड्याला दिवसभर मोकळं सोडावंसं वाटतं. तो मोह आवरा. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबवून पचवणारे सूक्ष्मजीव असतात आणि नव्या चाऱ्याला सरावायला त्यांना वेळ लागतो. चारा अचानक बदलला की पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून हा त्रास जिवावरही बेतू शकतो.

पहिल्या दिवशी अर्धा तासच चरू द्या, तेही आधी वाळलेलं गवत खायला घालून. मग रोज थोडं थोडं वाढवत 10 ते 14 दिवसांत पूर्ण चराईवर आणा. खुराक बदलतानाही हाच हिशेब. लठ्ठ घोड्याला कोवळ्या गवताने खुरांची सूज येऊ शकते, त्याला तर फारच जपा.

गोव्यात खरी कसोटी साठवणीची. दमट हवेत गवताला बुरशी धरते, म्हणून गंजी जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून सुटी रचा. कुबट वास आला तर ते गवत टाकून द्या. वाळवून पुन्हा घालू नका.

उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, घामावाटे मीठ जातं. मिठाचा खडा चाटायला ठेवा आणि सावलीत भरपूर पाणी. 400 किलोच्या घोड्याला दिवसाला 6 ते 8 किलो सुका चारा लागतो, दाणा त्यानंतर.