कॉकर स्पॅनियल पाळताय? आधी कान बघा

इंग्लिश कॉकर स्पॅनियलचं नाव वूडकॉक या पक्ष्यावरून पडलं. काटेरी झुडपात दडलेला पक्षी बंदुकीच्या टप्प्यात उठवायचा आणि पडला की तोंडात अलगद धरून आणून द्यायचा, हे याचं मूळ काम. पॉइंटर हा दुसऱ्या जातीचा शिकारी कुत्रा वास लागताच थबकतो, कॉकर थेट घुसतो. इंग्लंडमध्ये १८९२ साली ही वेगळी जात मानली गेली. त्याआधी एकाच वेतातली हलकी पिल्लं कॉकर आणि वजनदार ती स्प्रिंगर (स्पॅनियलचाच दुसरा प्रकार), अशी वाटणी चाले.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची उंची ३८ ते ४१ सेंमी, वजन साधारण १३ ते १४.५ किलो. घुमटासारख्या डोक्याचा, जास्त केसाळ अमेरिकन कॉकर वेगळा. दोघांत गल्लत करू नका.

या कुत्र्याची खरी कटकट म्हणजे कान. लांब, केसाळ आणि खाली लोंबणारे, त्यामुळे आत हवा खेळत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर तिथे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढायला काहीच वेळ लागत नाही. आठवड्यातून एकदा कान उलटून हुंगा. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा लाली दिसली तर डॉक्टरांकडे न्या. घरचं औषध घालू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी बहिरेपण येऊ शकतं.

कान निरोगी असेल तर सफाई सोपी आहे. कुत्र्यांच्या कानासाठीच्या द्रावणाची बाटली थोडा वेळ हातात धरून कोमट करा, गार द्रावणाने कुत्रा बिथरतो. नळी भरेल इतकं ओता आणि कानाचं मूळ बाहेरून अर्धा मिनिट चोळा. आत पचपच आवाज आला की ते खोलवर पोचलं. मग सोडून द्या आणि दोन पावलं मागे सरा, कारण तो डोकं झटकणारच. वर आलेला मळ बोटाला गॉज गुंडाळून पुसा. इअरबड नको: कानाची नळी आत वळलेली असते, बडने मळ आणखी खाली दाबला जातो. कानाच्या आतल्या बाजूचे, वरच्या एक तृतीयांश भागातले केस बारीक ठेवा. जेवणाला अरुंद, खोल भांडं घ्या, म्हणजे कान बाहेर राहतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात माळावर कुसळी गवत वाळलं की फिरून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या तपासायच्याच. कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही. कुत्रा अचानक एका बाजूला डोकं कलंडून झटकू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पावसाळ्यात याच जागी गोचीड सापडतात.

केस एक दिवसाआड विंचरा. काखेत आणि कानामागे गुंता आधी होतो. उन्हाळा आला म्हणून मशीनने भादरू नका. केस पुन्हा येताना लोकरीसारखे येतात आणि गुंता दुप्पट होतो.

रोज तासभर व्यायाम हवा, पण नुसतं चालवून भागत नाही. नाकाला काम द्या: मोज्याची गुंडाळी गवतात लपवा आणि वारा समोरून येईल असं त्याला सोडा. शिट्टीची एक लांब फुंक म्हणजे बस, चार-पाच तुटक फुंका म्हणजे परत ये. आणलेली वस्तू ओढाताण करून घेऊ नका, चावून धरायची सवय लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे आपल्याकडे शिकार नाहीच. टिटवीसारखे पक्षी जमिनीवर अंडी घालतात त्या मोसमात माळरानावर पट्टा सोडू नका.

ही जात खादाड आहे. साधारण १३ किलोच्या कुत्र्याला दिवसाला १८० ते २०० ग्रॅम कोरडं खाद्य दोन वेळांत पुरतं. बरगड्या हाताला लागत नसतील तर आधी पोळीचे तुकडे बंद करा.

पिल्लू घेताना आईबापांचे दोन डीएनए अहवाल मागा: दृष्टी हळूहळू घालवणारा प्रोग्रेसिव्ह रेटिनल अ‍ॅट्रॉफी आणि कोवळ्या वयात मूत्रपिंडं निकामी करणारा फॅमिलियल नेफ्रोपॅथी. आईबापांपैकी एक जरी अहवालानुसार त्या दोषापासून मुक्त असेल, तरी पिल्लाला तो आजार होत नाही.