पणजोबा आधी, त्यांचे वडील नंतर: ऑनलाइन वंशावळीत या चुका टाळा

आमच्या ऑनलाइन वंशावळीत दोन वर्षं एक चमत्कार सुखाने नांदत होता. पणजोबांचा जन्म १८१० आणि त्यांच्या वडिलांचा १८६२. साइट बिचारी नावापुढे लाल खूण दाखवत होती आणि मी दर वेळी ‘नंतर बघू’ म्हणून ती बाजूला सारत होतो. शेवटी एका पावसाळी रविवारी ट्रंकेतली जन्मपत्रिका पुन्हा उघडली. तिच्यावर ठसठशीत लिहिलेलं होतं, ‘श्री शके १८१०’. मी आकडा उचलला होता, शके तिथेच ठेवलं होतं.

फॅमिलीसर्च, जेनी, मायहेरिटेज यांसारख्या साइटवर आपण मराठी माणसं करतो त्या बहुतेक चुकांचं मूळ एकच. त्यांचे रकाने चर्चच्या दप्तरावर आणि ‘नाव, आडनाव’ एवढ्याच जोडीवर बेतलेले आहेत. आपले कागद वेगळंच बोलतात. ते बोलणं न समजता रकाने भरत सुटलं की झाड वाढतं खरं, पण वाकडं.

सनावळीचा घोळ

शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकलोय. पण शक बदलतो गुढीपाडव्याला आणि इसवी सन १ जानेवारीला, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची. ७८ मिळवले तर १७६० येतात. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. पौष-माघात जन्मलेल्या तुमच्या एखाद्या पणजीचं वयही असंच एका वर्षाने चुकलेलं असेल.

उत्तरेकडच्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांत विक्रम संवत असतो, त्यातून साधारण ५७ वजा करायचे. संवत आणि शक यांत १३५ वर्षांचं अंतर आहे. एकाच्या जागी दुसरा धरला तर मधल्या चार-पाच पिढ्या एकदम गायब, नाहीतर उगाच जन्माला. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांवर फसली सन दिसतो. त्यात ५९० मिळवले की १३५७ फसली म्हणजे १९४७-४८ असा अंदाज लागतो. पेशवाईतल्या कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं काही दिसलं तर ते कुणाचं नाव नाही, ते साल आहे. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं, म्हणून इथे साल निघतं १७६०-६१. पुन्हा पानिपतच!

साइटवर तारीख लिहिताना ‘सुमारे’ हा पर्याय असतो, तो वापरायला लाजू नका. आणि मूळ कागदावरचं शके-संवत टिपणाच्या रकान्यात जसंच्या तसं लिहून ठेवा. मी तेवढं केलं असतं तरी ती दोन वर्षं वाचली असती.

एक जूनचं प्रकरण तर निराळंच. जून महिन्यात शाळा उघडायची, मुलाला मास्तरांपुढे उभं करायचं, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, की मास्तर १ जून लिहून मोकळे. शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर त्यामुळे घरोघर एक जूनवाले सापडतात. आमच्या घरात चार आहेत. साइटला मात्र एकाच आडनावाची, एकाच तारखेची दोन माणसं दिसली की ती लगेच विचारते, ‘ही एकच व्यक्ती आहे का?’ नाही, बाई. हे सख्खे भाऊ आहेत. दाखल्यावरचा १ जून खरा जन्मदिवस म्हणून भरू नका. फक्त साल भरा, तेही ‘सुमारे’ लावून.

मधलं नाव कुठे घालायचं?

‘गोपाळ विनायक’ हे दोन्ही शब्द पहिल्या नावाच्या रकान्यात घालायची सवय सगळ्यांनाच असते. तसं करू नका. वडिलांचं नाव झाडातल्या नात्यातून आपोआप कळतंच. रकान्यात नुसतं ‘गोपाळ’ ठेवा, पूर्ण नाव पर्यायी नावात लिहा. त्यातून आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. गोपाळ विनायक, विनायक गोपाळ, पुन्हा गोपाळ विनायक. नुसत्या नावावरून शोधणाऱ्या यंत्राला आजोबा आणि नातू एकच वाटतात. बाजीराव बल्लाळ या नावात ‘बल्लाळ’ म्हणजे वडील बाळाजी, आडनाव भट. पण शोधाच्या पेटीत ‘बल्लाळ’ आडनाव म्हणून टाकणारे भेटतात.

आडनावाचंही तसंच. एका कागदावर गावावरून ‘कर’, दुसऱ्यावर वतनावरून कुलकर्णी, आणि माणूस तोच. उलट पाटील, जोशी, देशपांडे ही आडनावं एवढ्या घराण्यांत आहेत की नुसतं आडनाव जुळलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. गोव्यात पोर्तुगीज लिपिकांनी लिहिलेली स्पेलिंगं डोळ्यांसमोर ठेवा. कामतांचं आडनाव तिथे सी अक्षराने सुरू होतं, नायकांच्या शेवटी क्यू-यू-ई येतं, शेणईंचं सिनाय होतं. इंग्रजी स्पेलिंगने शोधलं तर हाती काही लागत नाही आणि आपण म्हणतो, नोंदच नाही.

दप्तरातले छोटे शब्द

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून सांगतो. फेरफार आणि सातबारा हे वंशावळीसाठी सोन्यासारखे कागद. वारस नोंदीच्या फेरफारात मयताचं नाव, मुलगे, मुली, विधवा, कधीकधी वयंसुद्धा एका परिच्छेदात मिळतात. पण त्यातल्या संक्षेपांनी भल्याभल्यांना गंडवलंय.

‘पार्वतीबाई भ्र. रामचंद्र’ यातला ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा. माझ्या एका चुलतभावाने तो ‘भाऊ’ वाचला आणि आमच्या एका आजीचं लग्न मोडून तिला नवऱ्याची बहीण करून टाकलं. ‘कोम’ आणि ‘मर्द’ हेही बायकोच्या नावानंतर, नवऱ्याच्या नावाआधी येणारे शब्द. ‘सखू कोम गणू’ म्हणजे गणूची बायको सखू. ‘कोम’चा जातीशी संबंध लावू नका. ‘बिन’ आणि ‘वल्द’ म्हणजे ‘चा मुलगा’.

आणि ‘अ.पा.क.’! अज्ञान पालनकर्ता. वडील लवकर गेले, मुलगा लहान, म्हणून जमीन त्याच्या नावावर आणि पुढे ‘अ.पा.क. चुलता’ किंवा ‘अ.पा.क. आई’. झाडात चुलता बाप होऊन बसतो तो इथूनच. तसंच ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या एकट्याचं नाव दिसतं म्हणून तो एकुलता एक होता असं धरू नका. बाकीचे भाऊ त्याच्यामागे कागदावर न दिसता उभे असतात.

गाव नमुना १४, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यू नोंद, तिथे आणखी एक गंमत. नोंद व्हायची जन्मानंतर लगेच, नाव ठेवलं जायचं बाराव्या दिवशी. त्यामुळे पुष्कळदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. हा मुलगा आपले आजोबाच, असं ठरवायच्या आधी त्या बापाच्या पुढच्या-मागच्या पाच-सहा वर्षांच्या नोंदी पाहा. लहानपणी गेलेली भावंडं तिथे सापडतात, ज्यांचं नाव घरात कुणी काढलेलं नसतं.

एक बाई, दोन बायका

लग्नात नाव बदलायची चाल होती, त्यामुळे माहेरच्या कागदावरची यमू आणि सासरच्या कागदावरची राधाबाई झाडात दोन वेगळ्या बायका होतात. मणिकर्णिका मोरोपंत तांबे आणि लक्ष्मीबाई गंगाधरराव नेवाळकर एकच, हे आपल्याला ठाऊक आहे कारण ती झाशीची राणी. तुमच्या पणजीचं तसं नाही. मुख्य नाव माहेरचं ठेवा, सासरचं पर्यायी नावात. माहेरचं नाव सापडत नसेल तर तिच्या भावांच्या घरी चौकशी करा, सासरी नाही. सासरी ते बहुधा कुणालाच आठवत नाही.

छापील कुलवृत्तांत उतरवून घेतानाही हेच होतं. एवढ्या मेहनतीने केलेली पुस्तकं, पण पुरुषांच्या शाखा फांद्याफांद्यांनी दिलेल्या आणि मुली एका ओळीत आटोपलेल्या. आणि मूळपुरुषापासूनच्या पहिल्या तीन-चार पिढ्यांना पुष्कळदा ना साल असतं ना आधार. त्या जशाच्या तशा साइटवर चढवल्या की दहा जण त्या उचलतात आणि मग ‘दहा झाडांत हेच आहे’ हाच पुरावा होऊन बसतो. आपलं झाड नेऊन एखाद्या सरदार घराण्याला चिकटवण्याची हौस तर विचारूच नका.

दत्तकाचाही विचार करा. राजर्षी शाहू १८७४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव म्हणून जन्मले, १८८४ मध्ये दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले. साइटवर एका माणसाला आईवडिलांच्या दोन जोड्या देता येतात, एक जन्माची आणि एक दत्तकाची. एक पुसून दुसरी लिहू नका. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर तीच माणसं झाडात दोन वाटांनी येतात आणि नकाशात दोनदा दिसतात. ती चूक नव्हे, ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

‘मॅच’ दिसला की बोट आवरा

फॅमिलीसर्चवर सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे. तिथे मयत व्यक्तींची पानं कुणीही बदलू शकतं. स्वतंत्र झाडं ठेवणाऱ्या साइटवर निदान आपलं घर आपल्यापुरतं बिघडतं, इथे वाड्यातल्या सगळ्यांचं. मर्ज करण्याआधी, म्हणजे दोन पानं एक करण्याआधी, तीन गोष्टी जुळताहेत का पाहा: गाव, जोडीदार, एखादं अपत्य. नाव आणि साल जुळणं पुरेसं नाही. चुकून झालंच तर त्या व्यक्तीच्या बदलांच्या यादीतून मर्ज मागे घेता येतं, पण मध्ये आणखी कुणी चार बदल केले असतील तर ते काम किचकट होतं. म्हणून लगेच करा, आणि आधी समोरच्याला संदेश पाठवा. तो बहुधा तुमचाच कुणी दूरचा काका निघतो, आणि त्याच्याकडे फोटो असतात.

गावाचं नाव निवडतानाही साइट घाई करते. ‘कुलाबा जिल्हा’ टाइप केलं की मुंबईचा कुलाबा पुढे येतो, आणि अलिबागचे पणजोबा एका क्लिकमध्ये मुंबईकर. १९८१ पर्यंत आजच्या रायगडचं नाव कुलाबा होतं. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर. जुन्या कागदावर रत्नागिरी जिल्हा असेल आणि गाव सावंतवाडीजवळचं, तर कागद चुकीचा नाही. तालुका लिहायला विसरू नका, एकाच नावाची गावं ढिगाने आहेत.

‘काहीच सापडत नाही’

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. शोधाच्या पेटीत नाव टाकलं, उत्तर शून्य, साइट बंद. अहो, आपल्याकडचं पुष्कळसं दप्तर तिथे नुसत्या चित्रांच्या रूपात आहे, त्याची नावानिशी सूची झालेलीच नाही. हरिद्वार आणि इतर तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांचं चित्रीकरण युटाच्या वंशशास्त्र संस्थेने बऱ्याच वर्षांपूर्वी केलं आणि ते फॅमिलीसर्चवर आहे. ते सापडतं कॅटलॉगमध्ये ठिकाणाच्या नावाने. मग पान पान उलटत बसायचं, हातात वही घेतल्यासारखं. काही चित्रं घरून उघडत नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रात जावं लागतं.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे मात्र प्रत्यक्षच जा. आडनाव आणि गाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते कळतं, आणि नामावळीत पणजोबांची सही निघू शकते, मोडीत. मोडी येत नसेल तर अंदाजाने वाचू नका, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात अनेक जिल्हा प्रशासनांनी जुनी रजिस्टरं स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळांवर टाकली आहेत. तुम्हाला दाखला नको असला तरी तिथे गावाचं पान उघडून पाहा.

मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचा रस्ता उलटा आहे. त्यांनी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या स्थलांतरितांच्या नोंदींपासून सुरुवात करावी. तिथे नोंदलेल्या स्थलांतरिताच्या क्रमांकावरून बापाचं नाव आणि गाव मिळतं, आडनावाच्या मागे लागून काही मिळत नाही.

जिवंत माणसांची जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव उघड्यावर ठेवू नका. बँकवाले फोनवर तेच विचारतात. साइट काही दिवस फुकट वापरून बघण्यासाठी कार्ड दिलंत तर ती मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर टाका. मी टाकली नव्हती आणि एका साइटने वर्षभराची वर्गणी कापून घेतली.

आणि दर सहा महिन्यांनी आपलं झाड उतरवून घ्या. त्या फाइलला जेडकॉम म्हणतात, जवळजवळ सगळ्या साइट ती देतात आणि घेतात. देवनागरी नावं भरली असतील तर उतरवताना अक्षरसंच यूटीएफ-८ निवडायचा, जुन्या प्रोग्रॅमांत तो आपोआप नसतो. माझ्या पहिल्या फाइलमध्ये पणजोबांच्या नावाच्या जागी सहा प्रश्नचिन्हं होती. जन्मसाल मात्र नीट उतरलं होतं, १८१०.