गाडी धुतलीत, आता पुसताना या चुका टाळा

शॅम्पू कुठला वापरायचा यावर लोक तासभर वाद घालतील, पण पुसायला हाताला लागेल तो कपडा: फाटकी बनियन, जुना पंचा, कधी तर पायपुसणं! बरेचसे ओरखडे इथेच पडतात.

गेल्या दसऱ्याला गोव्यात डिचोलीला आमच्या शेजारच्या मुलाने नवी कोरी काळी गाडी पूजेसाठी धुतली. झेंडूचा हार तयार, आई आरतीचं ताट घेऊन दारात, त्यामुळे घाई. पंचा अंगणात पडला, तो उचलून झटकला आणि बोनेटवर गोल गोल फिरवला. आमच्याकडची तांबडी माती म्हणजे चिऱ्याचा, म्हणजेच जांभ्या दगडाचा, चुरा, ती झटकून जात नाही. दुपारच्या उन्हात बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसले. "काका, कंपाउंड मारलं की जाईल ना?" कंपाउंड म्हणजे ओरखडे घासून काढायची पेस्ट. जाईल रे, पण क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम 50 मायक्रॉनच्या आसपास असतो आणि प्रत्येक पॉलिशला तो थोडा झिजतो.

माझी पद्धत साधी आहे. शेवटी पाइपचं नोझल काढून टपावरून संथ धार सोडायची, निम्मं पाणी आपणच ओघळून जातं. मग मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरायचा आणि न दाबता सरळ ओढायचा. टपापासून खाली यायचं. दारांच्या खालच्या भागाला वेगळा कपडा. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवसापुरता बाद. धुताना त्याला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, पाणी शोषेनासा होतो.

दुसरी आवडती चूक: "ऊन आहे, सुकेल आपोआप." पाणी सुकतं, पण बोअरवेलच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार काचेवर आणि रंगावर पांढऱ्या वर्तुळांच्या रूपात बसतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून, सावलीत हलक्या हाताने पुसा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुने डाग रंगात उतरले की पॉलिशशिवाय गत्यंतर नाही. म्हणून बोनेट तापलेलं असताना धुवायलाच घेऊ नका.

रबरी वायपरने बोनेटवरचं पाणी ओढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचे ओरखडे त्यांना लखलाभ.

ओल्या गाडीवर कव्हर नको, पावसाळ्यात तर नकोच. दारांची रबरं आणि आरशांच्या खाचा पुसा, नाहीतर थोड्या वेळाने तिथूनच ओघळ येतात. आणि धुऊन लगेच हँडब्रेक ओढून गाडी दोन दिवस ठेवू नका. ब्रेकच्या भागांवर गंज धरतो, ते चिकटू शकतात. बाजारापर्यंत एक फेरी मारून या, ब्रेक सुकतील.